एकाहत्तर सेंटिमीटर

"ह्या सायकलच्या मीटरला फसवता येतं का?" बायकोने विचारलं.

दुकानदार हसला. "बाई, पायडल मारल्याशिवाय आकडा हलत नाही. आणि एकदा पुढे गेला की मागे येत नाही."

"छान. आता बाकीच्या दाखवा."

नवरा पोट आत ओढून उभा होता. तो मुद्रितशोधक. दिवसभर घरी बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या, हा त्याचा धंदा. इतक्या वर्षांत बढती मिळाली ती फक्त पोटाला, असं तो स्वतःच म्हणायचा. बायको पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिने त्याच्या पोटाचा घेर तारीखवार वहीत लिहिला आणि आज त्याला व्यायामाची सायकल घ्यायला ओढत आणलं.

खरं तर घरात काळजी पोटाची नव्हती, त्याच्या आईच्या गुडघ्याची होती. पडल्यावर ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण आई खुर्ची सोडेना. व्यायाम शिकवायला आलेल्या दोघींना तिने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "ह्या वयात मला कवायत शिकवता?" डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दोन महिन्यांत गुडघा वाकला नाही तर तो कायमचा आखडेल.

"आईंपुढे मी हात टेकले," बायको म्हणाली होती. "निदान तुमचं पोट तरी माझ्या हातात आहे."

दुकानदाराने शर्यतीत असते तशी उंच काळी सायकल पुढे केली. मुद्रितशोधक ऐटीत बसला आणि समोरच्या आरशात स्वतःला आवडला.

"हीच घेऊ."

"पडाल," बायको म्हणाली आणि पुढे गेली.

शेवटच्या रांगेत एक बुटकी सायकल होती. खुर्चीसारखं आसन, पाठ टेकायची सोय, पायडल पुढच्या बाजूला. बायकोने पर्समधून मोजपट्टी काढली. "परवा आईंचा गाऊन आखूड केला, तेव्हापासून इथेच राहिलीय." तिने आसनापासून पायडलपर्यंत अंतर मोजलं. "एकाहत्तर. हीच द्या."

मुद्रितशोधक बसला. गुडघे हनुवटीजवळ आले आणि हँडलवर आपटले.

दुकानदाराला राहवेना. "बाई, साहेब सहा फुटी आहेत."

"अडचण झाली की माणूस लवकर बारीक होतो."

हे पाणी पिण्यालायक नाही, असं ती ज्या सुरात सांगायची, तोच सूर. आई सोडली तर त्याच्यापुढे आजवर कुणाचं चाललं नव्हतं. गॅरंटीचं कार्ड, वापरणाऱ्याच्या माहितीसकट, तिने उभ्याउभ्याच भरलं. दुकानदाराने शिक्का मारता मारता ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि साहेबांची उंची एकदम विसरला.

घरी सायकल खिडकीशी, आईच्या खुर्चीला खेटून लागली. "हवा तिथेच येते," बायको म्हणाली. जोर कमीजास्त करायचं बटण तिने एकवर ठेवून चिकटपट्टीने बंद केलं. भिंतीवर कागद लावला : पहिल्या आठवड्यात रोज अर्धा किलोमीटर, दुसऱ्यात एक, असं वाढत सहाव्यात चार.

"अर्धा? मला काय पेशंट समजलीस?"

"सुरुवात हळूच करायची असते."

तिसऱ्या दुपारी त्याचे दोन्ही गुडघे सोलवटले होते. आई खुर्चीतून बघत होती.

"माझ्या लेकराची काय दशा केली! सरक बाजूला."

"आई, अगं, तुझा पाय..."

"पायाला काय धाड भरलीय? मला हात दे. ती यायच्या आत अर्धा किलोमीटर होतो की नाही, बघतेच."

पहिल्या दिवशी पायडल अर्धंच फिरलं आणि मागे आलं. आईने ओठ घट्ट दाबले आणि पुन्हा रेटलं. चौथ्या दिवशी पूर्ण फेरी झाली; तोवर अर्धा किलोमीटर त्यालाच पुरा करावा लागला. मग प्रत्येक फेरीला ती सुनेचा एकेक अवगुण मोजू लागली. तिसऱ्या आठवड्यात अवगुण संपले, तरी आई थांबेना.

संध्याकाळी बायको वाकून मीटर वाचायची, वहीत लिहायची आणि नवऱ्याला म्हणायची, "शाब्बास." मायलेक एकमेकांकडे बघायचं टाळत. पोटाचा घेर मोजायचं मात्र ती साफ विसरली, आणि मुद्रितशोधकाने तिला आठवण करून दिली नाही. एवढी हुशार बाई, पण तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं किती सोपं! त्याला थोडी कीवही आली.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी आईचा गुडघा वाकवला. वाकला. पुन्हा वाकवला. "काय केलंत, आजी?"

"काही नाही बाई. बसून तर असते."

"आईंची प्रकृतीच भक्कम," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायडल कुरकुरायला लागलं. आई उतरली आणि काठीला हातही न लावता स्वयंपाकघरातून तेलाची बाटली घेऊन आली.

"तेल नको, गॅरंटी जाईल," तो म्हणाला. "दुकानात फोन करतो. कार्ड कुठंय?"

"तिच्या खणात असेल. लवकर बघ. तिला कळलं तर दोघांची धडगत नाही."

कार्ड वह्यांच्या खाली होतं. वर शिक्का, खरेदीची तारीख, आणि खाली बायकोचं नेटकं अक्षर. सवयीप्रमाणे तो चुका शोधत एकेक ओळ सावकाश वाचत गेला. एकही चूक नव्हती.

पायाची लांबी : एकाहत्तर सेंटिमीटर. दुखणं : उजवा गुडघा. वय : शहात्तर. वापरणारी व्यक्ती : सासूबाई.