अर्धं दाबलेलं पेडल

"आता येतोय बघा, आता!" यादीवाल्याने बोट वर केलं.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. कलावंत असाच ऐकतो, असं यादीवाल्याला वाटलं. मास्तरांना फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं नव्हतं.

फोनमधून पेडल स्टील गिटार वाजू लागली, पायाने पेडल दाबून जिचा स्वर चढवतात ती. कुणाच्या लक्षातही न राहिलेलं गाणं आणि त्यातल्या दोन कडव्यांमधला बावीस सेकंदांचा तुकडा. शेवटचा स्वर वर चढायला निघाला आणि मध्येच थांबला, जिन्यात दम लागलेल्या माणसासारखा. ना वर, ना खाली. मग गाणारी बाई आली आणि तो विरून गेला.

विसरलेले असे सोलो हुडकायचे आणि ते वाजवणाऱ्याचं घर गाठायचं, हा यादीवाल्याचा नोकरी सांभाळून चाललेला उद्योग. म्हणूनच सगळे त्याला यादीवाला म्हणत. यंदा त्यातल्या चाळीस सोलोंची तबकडी निघणार होती. सोबत पुस्तिका, आणि पुस्तिकेत प्रत्येक सोलोसमोर वाजवणाऱ्याचं नाव. जुन्या तबकड्यांवर गाणाऱ्यांची नावं असत. वाजवणाऱ्यांना कोण विचारतो!

"मास्तर, पहिला नंबर याचाच. इथे सही करा, म्हणजे छापायला देतो."

कागदावर मास्तरांचं नाव आधीच लिहिलेलं होतं, आणि ते खोटं होतं. त्या दिवशी मास्तर स्टुडिओच्या मागच्या खोलीत पिऊन आडवे झाले होते. त्यांचा डबा घेऊन आलेली बायको त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. मास्तर बाहेर पडले की ती घरी गिटारची पेटी उघडते, हे त्यांना ठाऊक होतं. तिला इतकं येतं, हे मात्र ठाऊक नव्हतं. एका टेकमध्ये झालं. स्टुडिओच्या वहीत नाव मास्तरांचंच लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी ते ऐकलं, घरी येऊन पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. तिने ती कधी मागितली नाही. याला आता एकतीस वर्षं झाली.

"एक विचारू?" यादीवाला पुढे सरकला. "तो लटकलेला स्वर. पेडल अर्धंच दाबलंय तुम्ही. असं कुणी करत नाही हो! मी शेकडो वेळा ऐकलंय. अर्धं का सोडलंत?"

मास्तरांनाही ते कधी कळलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. "काही दुःखं तळापर्यंत दाबायची नसतात."

वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की लाज वाटायला जरा उशीरच झाला. यादीवाल्याने ते घाईघाईने उतरवून घेतलं.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवून दिवाणाच्या कडेवर बसली. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वरच राहिले.

"काकू, तुम्हाला कसा वाटतो हो हा सोलो?" यादीवाल्याने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"पाय पुरत नव्हता," ती म्हणाली.

"कुणाचा?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. रागाने नव्हे. समोरच्याचा चहा संपायची वाट बघावी, तसं.

मास्तरांना ते आत्ता कळलं. त्यांच्या लांब पायांच्या मापाने लावलेलं पेडल, स्टुडिओची उंच खुर्ची आणि तिचा तो एवढासा पाय. अंगठ्याच्या टोकाने जेवढं दाबलं गेलं, तेवढाच तो स्वर चढला होता. एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच काही मागत होती, आणि द्यायला एक शब्द पुरला असता. 'हिचा.' जिभेच्या टोकावर होता तो. पण चाळिसांत पहिला नंबर! उरलेल्या एकोणचाळिसांत मास्तर कुठेच नव्हते.

"माझाच," मास्तर म्हणाले. "स्टुडिओची खुर्ची उंच होती."

यादीवाल्याने मास्तरांच्या लांबलचक पायांकडे पाहिलं आणि तो हसला. मोठ्या माणसांच्या विनोदाला हसायचं असतं. बायको खाली बघत राहिली. मास्तरांनी सही केली, आणि सवयीने सहीखाली दोन रेघा ओढल्या. आयत्या पिठावरच्या रेघोट्या म्हणतात त्या याच.

मग फोटोची टूम निघाली. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, गिटारला तिचे चार पाय जोडून ती उभी केली. मागे बसून पोलादी कांडी तारांवर टेकवली. यादीवाला शेजारी उभा राहिला आणि त्याने फोन पुढे केला. "काकू, तुम्हीच काढा."

तिने पदराने हात पुसले, फोन घेतला, नीट धरला आणि बटण दाबलं.

"वा, छान आलाय," यादीवाला फोन बघत म्हणाला. "पण काकू, मास्तरांचे पाय राहिले की! पेडलवरचा पाय तर हवा होता."

"राहू द्या," रिकामे कप उचलत ती म्हणाली. "त्या सोलोत तरी कुठे होता?"

यादीवाला खो खो हसला. मास्तर अजून फोटोसाठी हसतच होते.