उजवीकडची खिडकी

इंदूर संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, होळकरांच्या फौजेतली नोकरी सुटली, तेव्हा मल्हारने परसात सुतारकामाची खोली बांधायचं ठरवलं. फरशीवर खडूने त्याने पाच फुटी टेबल आखलं. “खिडकी किधर रखूं, भिया?” मिस्त्रीने विचारलं. “टेबलाच्या उजवीकडे. चार बाय तीन.” ओट्यावरून वडील खाकरले. “उजेड डावीकडून घेतात. नाहीतर हाताची सावली कामावर पडते.” “उजव्या हाताने काम करणाऱ्याची पडते, आप्पा.” बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, खडू आपल्या डाव्या हातात आहे. त्या हाताने जेवतो म्हणून आप्पांनी लहानपणी तो पाठीशी बांधून ठेवला होता. मनगटावर सुतळीचा वण अजून दिसायचा. आप्पा नुसते खडूकडे बघत राहिले. चाळिशीतल्या मल्हारने खडू उजव्या हातात घेतला आणि खिडकी डावीकडे काढली. रेघ वाकडी आली. “इसका हाथ बचपन से कच्चा है,” आप्पा मिस्त्रीला म्हणाले.