ओट्याजवळची भिंत

कर्ज मंजूर करण्याआधी बँकेच्या माणसाने फ्लॅटच्या भिंतींना यंत्र लावलं. भिंतींत मुरलेले जुने आवाज गिऱ्हाईकाला ऐकवायचे आणि मग पुसून टाकायचे, असा नियमच होता. फ्लॅट घेणाऱ्या शर्वाणीला एकच काळजी होती, घर भांडणांचं नको.

ओट्याजवळच्या भिंतीतून बाईचा आवाज आला, "अहो, गॅस बंद केलात ना?"

घर विकणारे पोंक्षेकाका ओट्याजवळ आले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"ही भिंत पुसू नका," शर्वाणी म्हणाली.

"आवाज ठेवलात तर कर्ज कमी मिळेल, मॅडम."

"मिळू दे. मॉड्युलर किचन नंतर बघू. काका, चहाला येत जा."

काकांनी तिला हात जोडले. मग भिंतीकडे वळून हळूच म्हणाले, "केला गं, बंद केला."