शेवटचा आकडा

"आणखी शंभर टाक," जयराम म्हणाला.

वैष्णवीने बापाचं ऐकून मोबाइलवर चार हजार शंभर टाकले. पापणी लवते न लवते तोच समोरच्याची बोली आली. चार हजार दोनशे. लिलाव संपायला अकरा मिनिटं उरली होती.

लिलावात होती बैलांची घुंगुरमाळ. एकवीस पितळी घुंगरं, आणि पट्ट्याच्या बकलावर जयरामच्या वडिलांचं नाव ठोकलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच ती मोडीत काढली होती, थोरल्या भावाला, ज्ञानेश्वरला, न विचारता. तेव्हापासून एका भिंतीला राहणारे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात ज्ञानेश्वर छातीत कळ येऊन गेला. बोलायचं राहिलं ते राहिलंच. काल वैष्णवीला ही माळ मोबाइलवर दिसली; लिलाव पंधरा दिवसांपासून चालू होता. विकणारा शहापुरातलाच. आज सुटली तर उद्या दहाव्याला भावाच्या फोटोपुढे ठेवता येईल, एवढीच जयरामची आस होती.

वैशाखरे गावचा जयराम म्हणजे बैलबाजारातला मुरलेला दलाल. म्हसा गावच्या जत्रेत रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारा. दुसऱ्याचा शेवटचा आकडा तो बोटांवरून ओळखायचा. स्वतःचा मात्र बायकोलाही सांगत नसे.

"बाबा, तुमी कितीपर्यंत जानार ते एकदाच सांगा ना," वैष्णवी वैतागली. "तो आकडा कोनाला दिसत नाय. समोरच्याच्या वर शंभरच मशीन टाकतं. बाकीचे पैसे आपल्याकडंच."

"शेवटचा आकडा कोन सांगतं का गो? येडा समजली काय मला?"

"त्यानं सांगितलाय ना! म्हनून तर लगेच उत्तर येतंय. तो मानूस तिथं बसलाबी नसंल."

जयरामला पटेना. शंभर, पाचशे, परत शंभर. तो उठला, अंगणात दोन फेऱ्या मारून आला, बसला, पुन्हा उठला. दर वेळी तेच. कोण हा मेला? माझ्या बापाच्या माळेचं याला काय करायचंय? हॉटेलाच्या भिंतीवर टांगणार असेल. जयरामने मनातल्या मनात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आठ हजार सातशे. दोन मिनिटं. हातातली माळ जाते की काय!

"पंधरा हजार," तो कसाबसा म्हणाला. "टाक."

वैष्णवीने टाकले. पडद्यावर आकडा आला नऊ हजार शंभर, आणि पुढे 'तुमची बोली'. या वेळी उत्तर आलं नाही. समोरचा नऊ हजारांवर संपला होता.

"मोडला!" जयरामने मांडीवर थाप मारली. "मोडला गो त्याला!"

तेवढ्यात पलीकडच्या घरातून चंदावहिनी आली. तिच्या हातात ज्ञानेश्वरचा मोबाइल होता.

"भावजी, ह्यांचा फोन आता वाजला. काय आलंय बघा ना, मला काय कळत नाय."

जयरामने वाचलं: 'तुमची नऊ हजारांची बोली मागे पडली आहे. वाढवायची का?'