दोन दारांची गाडी

साठ सालच्या उन्हाळ्यातली भर दुपार. मेकॅनिक आप्पाजीने रंग द्यायला गाडीची दोन्ही दारं काढून भिंतीला टेकवली होती. तरी दार उघडलं की पेटणारा आतला दिवा मधूनच पेटत होता, विझत होता.

त्याने वायरिंगचा नकाशा पाहिला. दोन दारं, दोन वायरी. दोन्ही त्याने कापल्या. दिवा पेटलाच.

"सरी, ठीक आहे, राहू द्या अण्णा," गाडीची मालकीण कावेरीअक्का म्हणाली. "जयनगरात घरासमोरही असाच पेटतो. आम्हाला सवय झालीय."

"मला नाही व्हायची." त्याने बॅटरीच काढून जमिनीवर ठेवली.

दिवा पेटला.

आप्पाजीचं डोकं फिरलं. "नकाशात तिसरं दार नाही. कोण बसतंय ते बघतोच." तो आत शिरून सीटवर ऐसपैस बसला.

त्याच्या कानाशी खाडकन दार लागलं, आणि दिवा विझला.