आईला दाखव

राजनंदिनी मुकुंदवाडीहून रोज सकाळी सातच्या एसटीनं वैजापूरला नोकरीला जायची. दिवेलागणीनंतर आंबलेल्या अंगानं परत यायची, तोवर अकरा महिन्यांचा शर्विल झोपून गेलेला असायचा. तो टाळ्या वाजवायला शिकला, टॉवेलखाली लपवलेला चेंडू शोधायला शिकला, ते सगळं आधी पाहिलं सासूनं, सारजाबाईनं. राजनंदिनीच्या वाट्याला नुसते मोबाइलवरचे व्हिडिओ.

"आत्याबाई, एखादी तरी गोष्ट मला आधी बघू द्या," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली.

शेवटी गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटीत उभ्यानं प्रवास करत दुपारीच दारात येऊन ठेपली. शर्विल टक्क जागा होता.

"बरं झालं बाई, आलीस," सारजाबाई म्हणाली. "आज लई भारी शिकलंय पोरगं. तुझ्यासाठीच ठेवलंय, व्हिडिओ काढलाच नाय म्या."

खांद्यावरची पर्सही न काढता राजनंदिनीनं दोन्ही हात पसरले. "दाखव रे राजा, आईला दाखव."

 

दारातल्या आईकडं बघून शर्विल खुदकन हसला आणि इवलासा हात हलवून त्यानं तिला टाटा केला.