सुगंधाचा बांगडा

“फरशी ओली होती की नव्हती, एवढंच सांगा अप्पा. बाकीचं मी बघतो,” प्रज्योत म्हणाला.

रविवारची दुपार होती आणि मुलुंडमधल्या सुगंधाच्या खानावळीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. एरवी या वेळेला माशाच्या ताटासाठी लोक बाहेर ताटकळत उभे असायचे. सुगंधा स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. प्रज्योतचे वडील सीतारामअप्पा उजव्या हाताचं प्लास्टर मांडीवर घेऊन बसले होते. याच खानावळीच्या पायरीवरून ते गेल्या आठवड्यात पडले होते.

पडले तेव्हा प्रज्योत पवईच्या ऑफिसातून धावतपळत दवाखान्यात आला. “फरशी ओली होती का?” हेच त्याने आधी विचारलं. “असेल,” अप्पा म्हणाले. एवढा एकच शब्द, पण पोराने त्याच्यावर केवढा इमला चढवला. वकील मित्राकडून नुकसानभरपाईची नोटीस लिहून घेतली. सोसायटीच्या ग्रुपवर खानावळीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ज्येष्ठांनी इथे जपून. बघता बघता गिऱ्हाईक तुटलं. गाळ्याचा मालक येऊन सुगंधाला बजावून गेला की कोर्टाची भानगड होणार असेल तर गाळा खाली कर. आता बापासाठी भांडणाऱ्या पोराला नावं तरी कशी ठेवायची?

“दादा, गिऱ्हाईक बसलेलं असताना मी कधी फरशी पुसत नाय,” सुगंधा म्हणाली. “पण काका पडले ते माझ्याच दारात. मला वाईट वाटतं.”

अप्पांना सगळं ठाऊक होतं. फरशी चांगली कोरडी ठाक होती. त्यांना पायरीच दिसली नव्हती.

गोष्ट अशी की अप्पांचे डोळे चालले होते. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता, पण हा पडद्याचा आजार होता. बघावं तिथला नेमका मधला भाग पुसलेला. डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले आणि घरी चहा पिऊन गप्प बसले. उमेदीच्या काळात ते कारखान्यात टर्नर होते, लोखंडातला केसाएवढा फरक नुसत्या नजरेने सांगायचे. अशा माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं की आता मला समोरच्याचं नाक दिसत नाही? शिवाय सांगितलं की संपलं. प्रज्योत आणि त्याची बायको दीप्ती, दोघंही जिवाला जपणारी. त्या जपण्यात अप्पांचं एकट्याने बाहेर पडणं सगळ्यात आधी बंद झालं असतं. सकाळची बागेतली फेरी, पेपरच्या स्टॉलवरच्या गप्पा, रविवारचं इथलं जेवण. बायको गेल्यावर त्यांच्याकडे स्वतःचं असं एवढंच उरलं होतं.

म्हणून अप्पा मोठ्या हुशारीने दिवस ढकलत होते. घरी मासे खाणं त्यांनी सोडून दिलं. दीप्तीला म्हणायचे, “आपल्याकडच्या बांगड्याला फार काटे गं. मासा निवडून घ्यावा तर सुगंधाने. तिच्या कालवणात काटा म्हणून लागत नाही.” बिचारी दीप्ती कोळिणी बदलत राहिली.

“अप्पा, बोला ना. तुम्ही हो म्हणालात की उद्या नोटीस जाते.”

अप्पांनी दाराकडे पाहिलं. उजेडाचा एक चौकोन दिसला आणि त्याच्या मध्ये काहीच नव्हतं. सुगंधाचा चेहराही दिसत नव्हता. ती नुसती उभी होती, विनवणी करत नव्हती, आणि तेच अप्पांना सोसेना. आपल्या एका शब्दाने या बाईची चूल विझत चाललीय आणि आपण आपली बागेतली फेरी वाचवत बसलोय. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

“कोरडी होती,” अप्पा म्हणाले. “मला पायरी दिसली नाही. मला बरंच काही दिसत नाही रे प्रज्योत. वर्ष होऊन गेलं.”

प्रज्योतने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. “म्हणजे उद्यापासून तुम्ही एकटे...” असं काहीतरी तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला.

सुगंधा आत गेली आणि दोन ताटं घेऊन आली. “जेवणाची वेळ झाली. जेवूनच जावा,” ती म्हणाली. जिला नोटीस पाठवायला निघालो तिचंच अन्न पुढ्यात आलं, तेव्हा प्रज्योतला मान वर करवेना. तो खाली बघून जेवायला लागला. पहिल्याच घासाला काटा लागला. दुसऱ्या घासाला पुन्हा लागला.

त्याने अप्पांच्या ताटाकडे पाहिलं. अप्पा डाव्या हातात चमचा धरून बिनघोर जेवत होते. त्यांच्या वाटीत नुसता मासा होता. मधल्या काट्यापासून बारीक काट्यापर्यंत सगळे काढून तुकडे पुन्हा जुळवून ठेवलेले होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्याने सुगंधाला विचारलं.

“गणपतीपासून.”

“मग मी एवढा बोलत होतो तेव्हा सांगायचंत ना. तिथंच विषय संपला असता.”

सुगंधाने सोलकढीचा ग्लास हळूच पुढे सरकवला, अप्पांच्या बोटांना लागेपर्यंत.

“ते काकांनी सांगायचं होतं,” ती म्हणाली.